तीर्थातलं फूल

मी हेलेबोर बोलतेय. दुबईतल्या अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या बाल्कनीत माझी कुंडी आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. या घरातल्या आजींना, रंभाबाईंना, ते अजून नीट म्हणता येत नाही. त्या मला 'हेलेबाई' म्हणतात.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती माहीत नसली की काय होतं ते मी या घरात पाहिलंय. मी विषारी आहे. पान, देठ, फूल, मूळ, सगळीच. आम्हाला पाय नाहीत, पळता येत नाही. शिंगं नाहीत, ढुशी देता येत नाही. म्हणून निसर्गानं आम्हाला दोन शब्द दिलेत. देठ मोडलात तर चीक बोटांना झोंबतो, हा पहिला शब्द. जिभेवर ठेवलंत तर कडूजहर लागतं, हा दुसरा. गुराढोरांना एवढं पुरतं. ती एकदा तोंड लावतात आणि पुढे जातात. माणसांचं तसं नसतं, हे मला दुबईत येऊन कळलं.

जन्म माझा हॉलंडचा. तिथल्या एका रोपवाटिकेमागे छोटी बाग होती, आणि तिच्यात एका म्हाताऱ्या ओकच्या झाडाखाली माझी आई होती. थंडी सरत आलेली असते, बाकीची बाग अजून पांघरुणात असते, तेव्हा आम्ही फुलतो. ऊन आम्हाला मानवत नाही. आम्हाला सावली हवी, कुजलेला ओला पाचोळा हवा. आमच्या पाकळ्या लवकर गळत नाहीत, दोन दोन महिने टिकतात. आणि फूल मान खाली घालून असतं. उभ्या उभ्या पाहणाऱ्याला नुसती पाठ दिसते. चेहरा बघायचा तर गुडघे टेकायचे, हनुवटीला हात लावून फूल वर करायचं. आईपुढे मी भल्याभल्यांना चिखलात गुडघे टेकताना पाहिलंय. आम्हाला त्याचा थोडा गर्व आहे, खोटं कशाला बोलू?

मग कुंडी, खोकं, विमान, आणि नाताळच्या तोंडावर इथल्या एका मोठ्या दुकानाचा गार कोपरा. तिथे समिधानं मला पाहिलं. ती रोज मेट्रोनं जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात जाते. नवरा धनंजय, नऊ वर्षांची मुलगी प्रज्ञा आणि ती, असं तिघांचं घर. बाल्कनीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत, त्यामुळे तिथे ऊन कधी उतरत नाही. तीन तुळशी गेल्या, मोगरा गेला, जास्वंदीनं एक कळी धरली नाही. दुकानातल्या माणसानं सांगितलं, "मॅडम, ये शेड में ही चलेगा. धूप में रखा तो खलास." समिधाच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही. विषारी आहे का, असं फुलाला कुणी विचारत नाही. तिनंही विचारलं नाही.

त्या महिन्यात मला माझ्या आईची बाग आठवली नाही, इतकं त्या बाईनं मला जपलं. ऑफिसातून आली की चहाचा कप घेऊन बाल्कनीत फरशीवर बसायची, मोबाईलचा टॉर्च खालून धरायची आणि एकेका फुलाचा चेहरा बघायची. मी वाइन रंगाची, आत बारीक ठिपके. "काय गं, लाजतेस किती!" म्हणायची. एकदा तिनं फोनवर पाहिलं की आमची फुलं पाण्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे चेहरा वर राहतो. तिनं कात्रीनं एक फूल कापलं, काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं आणि टीपॉयवर ठेवलं. तिथवर सगळं छान होतं.

जानेवारीत देवरुखजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. रंभाबाई. व्हिजिट व्हिसा, एका बॅगेत कोकम, कुळीथ, फणसाची साठं आणि दुसऱ्या बॅगेत देव. हृदयाची गोळी रोजची. गुडघे दुखरे, जीभ तिखट. आल्या आल्या विचारलं, "तुळस कुठाय?" मग त्यांची नजर टीपॉयवर गेली.

"अगो, पाण्यावर फूल, आणि ते इथे? चपला काढता तिथे?"

"आई, ते डेकोरेशनसाठी आहे."

"घरच्या झाडाचं फूल देवाला नाही जायचं, तर कुणाला जायचं? सावलीत फूल काढलंस हो बाय तू. आमच्याकडे सावलीत नुसतं शेवाळं येतं."

सासूनं लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या हातचं काहीतरी वाखाणलं, यातच समिधा विरघळली. तिनं वाडगा स्वतः उचलून दिला.

रंभाबाईंची एक रीत होती. संध्याकाळी दिवा लावला की तांब्याचा छोटा गडू पाण्यानं भरून देवापुढे ठेवायचा, त्यात तुळशीचं पान सोडायचं. सकाळी आंघोळ झाली की अनशापोटी तेच तीर्थ ओंजळीत घ्यायचं, प्यायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा. गावी चाळीस वर्षं हेच. इथे तुळस नव्हती. गडूत माझं फूल गेलं.

हे मला कसं कळलं, तर निर्माल्यामुळे. देवाचं फूल केरात टाकायचं नाही, ज्या झाडाचं त्याच्या मुळाशी ठेवायचं, हीही त्यांची रीत. दोनेक दिवसांनी त्या बाल्कनीत आल्या आणि माझंच फूल माझ्या पायाशी ठेवून, हात जोडून, दुसरं खुडून गेल्या. ते परत आलेलं फूल मी ओळखलं. पण त्यात मी नव्हते. त्यातलं कडू पाण्यात उतरून गेलं होतं. आणि ते पाणी कुठे गेलं, ते मी काचेच्या दाराच्या फटीतून रोज बघत होते.

आता गप्प राहायचं नाही, असं मी ठरवलं.

खुडताना मी चीक सोडला, होता नव्हता तेवढा. समिधा कात्री वापरायची, रंभाबाई चिमटीनं खुडायच्या. "देवाच्या फुलाला लोखंड लावू नये." त्यांची बोटं लाल झाली. त्यांनी खोबरेल लावलं आणि इथल्या भांड्यांच्या साबणाला शिव्या दिल्या. माझा पहिला शब्द असा वाया गेला.

दुसरा शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका सकाळी गडू घेऊन त्या बाल्कनीतच उभ्या होत्या. तीर्थ तोंडात गेलं आणि त्यांचा चेहरा कडवट झाला. मला वाटलं, थुंका आता. बाई, थुंका! पण त्यांनी डोळे मिटून गिळलं, आणि मग दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावून देवाची माफी मागितली. तीर्थाला तोंड वाकडं केलं म्हणून.

मग मळमळ सुरू झाली. आधी सगळ्यांनी दुबईच्या पाण्यावर ढकललं, मग एसीवर. रंभाबाईंचं जेवण तुटलं. चालताना भिंतीला हात लावू लागल्या. नाडी मंद झाली, तेव्हा धनंजय त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेला. परत आल्यावर तो समिधाला बाल्कनीत सांगत होता, ते मी ऐकलं.

"डॉक्टरनी सगळं विचारलं. बाहेरचं खाल्लं का? नाही. काही हर्बल, काढा, चूर्ण? नाही. गोळ्यांचा डोस चुकला? नाही. म्हणाले, ऑब्झर्व्ह करू, नाहीतर अ‍ॅडमिट."

मायलेक दोघंही खरं बोलले होते. तीर्थाला औषध कोण म्हणेल? अन्नात तरी कोण धरेल? मी तिथे, दोन हातांवर, पानं ताणून उभी होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. एक दिवस रंभाबाई गावच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना म्हणाल्या, "सुनेच्या हातचं पचत नाही गो मला. काय घालते कोण जाणे." समिधा आत भाजी चिरत होती. तिनं सुरी ठेवली, बाल्कनीत आली आणि माझ्या कुंडीशेजारी बसून रडली. धनंजय आईला गावी परत न्यायला तिकिटं बघू लागला होता. आई जगेल का, हा एक प्रश्न आणि आई गेली तर ती कुणाच्या हातचं खाऊन गेली, हा दुसरा. समिधा दोन्हीखाली चिरडत होती. आणि माझं बघा, हवा गार, सावली दाट, मी कधी नव्हे इतकी बहरले होते. एक कळी दाबून धरायचा मी प्रयत्न केला. ती तीन दिवसांत उमललीच.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रज्ञाची वार्षिक परीक्षा आली. पहिला पेपर गणिताचा. आदल्या संध्याकाळी रंभाबाई भिंत धरत धरत आल्या. "उद्या पोरीचा पेपर आहे. तुझी तीन दे." तीन फुलं खुडली. रात्रभर ती गडूत राहिली.

सकाळी घरात नेहमीची धांदल. समिधा मेट्रोसाठी निघाली, धनंजय आधीच गेलेला. प्रज्ञा बूट घालत होती. तेव्हा मी ते पाहिलं. रंभाबाईंनी गडू उचलला, आणि प्रज्ञाच्या पाण्याच्या बाटलीत ओतला. थेंबभर नाही. जवळजवळ सगळा.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग? आय'म लेट!"

"तीर्थ आहे. पेपर लिहिताना घोट घोट पी. देव बरोबर राहतो."

"ओके, ओके, बाय!"

दार बंद झालं. खाली बसचा हॉर्न वाजला. मोठ्या बाईचं शरीर जे महिनाभर कसंबसं सोसत होतं, ते आज तिप्पट होऊन त्या एवढ्याशा पोरीच्या दप्तरात निघालं होतं.

थोड्या वेळानं बेल वाजली. शेजारची शहनाझ. ती रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, तिची हिबा प्रज्ञाच्याच वर्गात. दोघींना बसमध्ये बसवून ती वर आली होती, हातात फडक्यात गुंडाळलेली तांदळाची भाकरी.

"काकी, ताकाबरोबर तरी खा. तोंड बघा कसं झालंय." तिनं ताट पुढे केलं. रंभाबाईंनी हात पुढे केला आणि शहनाझ थांबली. "बोटं दाखवा. ओले काजू सोललेत काय?"

"दुबईत कुठले गो ओले काजू?"

"मग ही सालटी कशी गेली? हे चिकानं उतलंय, काकी. मी काजूच्या बागेत वाढलेय, मला सांगू नका. अंगठा आणि ही दोन बोटं. बाकी हात साफ."

रंभाबाईंनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा आणि दोन बोटं जुळवली. चिमूट झाली. त्या चिमटीकडे त्या बघत राहिल्या, आणि मग सावकाश मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"ही चिमूट मी एकाच ठिकाणी लावते," त्या म्हणाल्या.

शहनाझ तरातरा बाल्कनीत आली. फोननं माझा फोटो काढला, स्क्रीनवर बोट फिरवलं, वाचत गेली. तिचा चेहरा उतरत गेला.

"काकी, हे पोटात नाही ना गेलं कुणाच्या?"

"शी गो, फूल काय कुणी खातं? देवाला..." आणि त्या थांबल्या. त्यांची नजर रिकाम्या गडूवर गेली. "तीर्थ," त्या म्हणाल्या. "प्रज्ञाची बाटली. मी बाटलीत ओतलं, शहनाझ. सगळं."

"या अल्ला. हिबा तिच्याच बाटलीतून पिते."

त्यानंतरची वेळ मी सांगू शकत नाही, कशी गेली ती. शहनाझनं शाळेला फोन लावला. आधी इंग्रजी यंत्र बोललं, मग अरबी, मग गाणं वाजलं. शेवटी कुणीतरी उचललं. "एक्झाम चालू झाली? सिस्टर, प्लीज, सुनिए! पेपर जाऊ दे, प्रज्ञाच्या, हिबाच्या हातातली बाटली पहिली घ्या! फोर्थ बी! बॉटल में पॉयझन है, गलती से गया है. यल्ला, कुणाला तरी पळवा!" मग समिधाला फोन. समिधा मधल्याच स्टेशनवर उतरली, एवढंच कळलं.

मग दोघी वाट बघत बसल्या. शहनाझ फोन हातात धरून येरझारा घालत दुआ पुटपुटत होती. रंभाबाई मात्र बाल्कनीत आल्या. दुखरे गुडघे वाकवून, दाराच्या चौकटीला धरून, माझ्यापुढे फरशीवर बसल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा माझ्या फुलांच्या खाली आला. आमची नजरानजर झाली.

"कडू लागत होतं मला," त्या म्हणाल्या. "रोज कडू लागत होतं."

"मग बोलला का नाहीत काकी?" शहनाझ जवळजवळ ओरडलीच.

"तीर्थाला कडू कसं म्हणू गो?"

शहनाझ पुन्हा येरझारा घालू लागली. खालच्या गल्लीत कुणाचीतरी गाडी मागे येताना बीप बीप करत होती. रंभाबाईंनी पदर तोंडात धरला होता.

फोन वाजला. शहनाझनं स्पीकर लावला. शाळेच्या नर्सचा आवाज, आणि त्यामागून प्रज्ञा, रागावलेली.

"आजी! व्हॉट डिड यू पुट इन माय बॉटल? इट वॉज सो बिटर, यक्! मी बसमध्येच थुंकलं, माझा युनिफॉर्म पण वेट झाला. हिबानं टेस्ट केलं, शी ऑल्सो स्पॅट. मग आम्ही सगळं वॉशबेसिनमध्ये ओतलं." मग तिनं हळूच विचारलं, "देवाचं होतं ना ते? आर यू अँग्री?"

रंभाबाईंना हुंदका आवरेना. "नाही गो माझे बाय. बरं केलंस. थुंकलीस ते बरं केलंस."

माझ्या कुळाला आजवर अनेकांनी सुंदर म्हटलंय. त्या 'यक्'इतकं गोड मला काही लागलं नाही.

दोघी मुलींना शाळेतून नेऊन तपासलं, काही झालं नव्हतं. रंभाबाईंना मात्र त्याच दिवशी हॉस्पिटलात ठेवलं. आता डॉक्टरांना काय सांगायचं ते माहीत होतं. दोन रात्री हृदयाला तारा लावून काढल्या, मग नाडी जागेवर आली. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मऊ भात आणि कुळथाचं पिठलं मागितलं, समिधाच्या हातचं. जेवल्या, हात धुतला, आणि समिधाला समोर बसवून गावच्या बहिणीला फोन लावला. "मी त्या दिवशी सुनेबद्दल बोलले ना, ते माझ्या तोंडून चुकीचं गेलं. माझी चूक होती. तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना हेही सांग." समिधा खाली बघत राहिली. तिची मान अगदी माझ्या फुलासारखी झाली होती.

माझा निकाल त्याच संध्याकाळी लागायचा होता. धनंजय रबरी हातमोजे आणि काळी पिशवी घेऊन आला. "खलास. हे आत्ताच्या आत्ता घराबाहेर." समिधा दारात उभी होती. मला ठेव, असं म्हणायचा तिला धीर होत नव्हता, आणि मी तिला दोष देत नाही. पिशवीचं तोंड माझ्या डोक्यावर आलं.

"ठेव ते खाली," आतून आवाज आला. "गावी परड्यात बिब्ब्याचं झाड आहे, ते तोडलंस कधी? माडीवर कोयती टांगलेली असते. हिला देव्हाऱ्यात मी नेलं. ती बिचारी चालत नाही आली."

"आई, अगं तू मरता मरता वाचलीस!"

"म्हणून तर सांगतेय. ती रोज बोलत होती. मी ऐकलं नाही."

धनंजयनं पिशवीची घडी घातली.

आता मी बाल्कनीच्या टोकाला, दोन विटांवर आहे. प्रज्ञानं पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत लिहून लावलंय, 'नो टचिंग, नो ईटिंग, ओन्ली लुकिंग.' समिधा पुन्हा टॉर्च घेऊन बसते, आता हातमोजे घालून. तुळस शहनाझच्या बाल्कनीत लावलीय, कारण ऊन तिच्याकडे आहे. रोज सकाळी हिबा वाटीत चार पानं घेऊन येते.

एप्रिल लागलाय. समोरच्या भिंतीचा ताव आता सावलीतही जाणवतो. माझी पानं कडेनं करपू लागलीत, उरलीसुरली फुलं हिरवी पडलीत. इथला उन्हाळा माझ्यासाठी नाही, मला ते दुकानातच कळलं होतं. रंभाबाईंचाही व्हिसा संपला, त्या उद्या निघतायत. आम्ही दोघी इथल्या पाहुण्या.

तुम्हाला माझं सांगणं फार नाही. तुमच्या घरात ऊन नसेल तर माझ्यासारखीला जरूर आणा, थंडीभर सोबत करीन. पण मला दुरूनच पाहा, पोराबाळांच्या हाताला लागू देऊ नका. आणि बोट चुरचुरलं, तोंड कडू झालं, तर तसं म्हणा. समोर देव असला तरी म्हणा.

आज सकाळी रंभाबाई गडू आणि पळी घेऊन आल्या. तुळशीचं पान घातलेलं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर क्षणभर थांबवून चाखलं, मगच गिळलं. हल्ली त्या रोज तसंच करतात. उरलेलं माझ्या मुळाशी ओतलं. मग चौकटीला धरून, कण्हत कण्हत खाली बसल्या, पळीचा दांडा माझ्या शेवटच्या फुलाच्या हनुवटीखाली लावून त्याचा चेहरा वर केला.

"घे गो हेलेबाई," त्या म्हणाल्या. "आता तू सांग, कसं लागतं?"

आणि उठायची घाई न करता, माझ्याकडे बघत, त्या बसून राहिल्या.